नागोयाची बोली कुणाची उसनी नाही

जपानच्या नकाशावर नागोया टोकियो आणि ओसाका यांच्या मध्ये येतं. या शहराच्या बोलीविषयीची बहुतेक चर्चा या भूगोलापाशीच सुरू होते आणि तिथंच संपते. पूर्वेकडून टोकियोची भाषा आली, पश्चिमेकडून ओसाका-क्योटोची आली, दोघींची सरमिसळ झाली आणि नागोया-बेन तयार झाली, असं टीव्हीवरच्या गप्पांत आणि जपानी शिकणाऱ्यांच्या वर्गांतही बिनदिक्कत सांगितलं जातं. समोरच्या बाजूला अभिमानी मंडळी आहेत. सोळाव्या शतकात जपान एका सत्तेखाली आणणारे ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी दोघेही याच ओवारी प्रांतातले, म्हणजे नागोयाभोवतीच्या जुन्या प्रांतातले, म्हणून ही बोली अस्सल, बाकीचे नक्कल करणारे, असं त्यांचं म्हणणं. 2009 ते 2024 या काळात नागोयाचे महापौर असलेले ताकाशी कावामुरा जाहीर भाषणांतही ठसठशीत नागोया-बेन वापरत, तेव्हाही वाद याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला: ही खरी बोली की जुनी झालेली, शुद्ध की बनावट? दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. बोली म्हणजे एक अखंड वस्तू आहे, ती एकतर कुणाकडून तरी आणलेली असते किंवा पूर्णपणे घरची असते, असं दोघीही गृहीत धरतात. माझं म्हणणं असं, की सीमेवरची बोली शेजाऱ्यांच्या उसनवारीवर जगत नाही. ‘प्रभाव’ म्हणायचं असेल तर कोणतं वैशिष्ट्य, कुठून, केव्हा आणि कोणत्या वाटेनं आलं, हे सांगावं लागतं. नागोयाच्या बाबतीत या चार प्रश्नांची उत्तरं शोधू लागलं की मिश्रणाचा सिद्धांत टिकत नाही, आणि शुद्धतेचाही.

आधी विरुद्ध पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. नागोयाच्या पारंपरिक बोलीत पूर्वेची आणि पश्चिमेची रूपं खरोखरच शेजारीशेजारी आहेत. वाक्याच्या शेवटी ‘आहे’ या अर्थानं येणारा शब्द ‘दा’ आहे, टोकियोसारखा. ओसाकात तो ‘या’ आहे आणि नागोयाला लागून असलेल्या गिफू आणि मिए या विभागांतही ‘या’च आहे. ‘विकत घेतलं’ याला नागोयात ‘कात्ता’ म्हणतात, पश्चिमेच्या जुन्या बोलींत ‘कोऽता’. नकार मात्र टोकियोच्या ‘नाइ’नं होत नाही, ‘जात नाही’ याला ‘इकान’ किंवा ‘इकासेन’ म्हणतात, आणि हा ‘न’ पश्चिमेचा. माणूस किंवा प्राणी ‘आहे’ हे सांगायला टोकियोचा ‘इरु’ येत नाही, पश्चिमेचा ‘ओरु’ येतो; चालू असलेल्या क्रियेलाही ‘शितेइरु’ऐवजी ‘शितोरु’. एवढी यादी समोर ठेवून कुणी ‘अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं’ म्हणालं तर त्याला खोटं ठरवता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की ही यादी काय सिद्ध करते? कोणतं रूप आज कुठे बोललं जातं, हे तिच्यावरून कळतं. ते तिथं कसं आलं, हे कळत नाही. मिश्रणाचा सिद्धांत पहिल्या माहितीवरून थेट दुसऱ्या निष्कर्षावर उडी मारतो, आणि त्या उडीतच सगळी गडबड आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण स्वराघाताचं. जपानी शब्दात कोणता वर्ण उंच आणि कोणता खाली उच्चारायचा हे ठरलेलं असतं. ‘हाशि’ हा शब्द पहिला वर्ण उंच आणि दुसरा खाली असा म्हटला तर टोकियोत त्याचा अर्थ जेवायच्या काड्या, क्योटोत मात्र पूल. उंचसखलपणा उलटला की अर्थही उलटतात. नागोया या बाबतीत टोकियोच्या बाजूला आहे. नागोयाहून पश्चिमेला किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या ओलांडल्या, की कुवाना शहरात क्योटोची पद्धत सुरू होते. मिएमधल्या कामेयामा इथं जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ शिरो हात्तोरी यांनी 1930 च्या सुमारास या पट्ट्याचा अभ्यास करून ही सीमा दाखवून दिली. ती इतकी धारदार आहे की मधल्या छटा जवळजवळ मिळतच नाहीत. मग स्वराघात टोकियोहून आला असं म्हणायचं का? तसं असेल तर हिरोशिमाचं काय करायचं? हिरोशिमा क्योटोच्या पश्चिमेला, टोकियोपासून कितीतरी दूर. तरी तिथंही ‘टोकियो-पद्धतीचा’च स्वराघात आहे. ओकायामातही तोच. म्हणजे क्योटो-ओसाकाच्या दोन्ही अंगांना एकाच प्रकारची पद्धत आहे आणि मध्ये वेगळी. भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किंदाइची यांनी या पद्धतींची आतलं, मधलं आणि बाहेरचं अशी वर्तुळं कल्पिली. क्योटो या जुन्या राजधानीच्या स्वराघातातूनच बाकीच्या पद्धती दोन्ही बाजूंना बदलत गेल्या, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या मांडणीत नागोया आतल्या वर्तुळात येतं आणि टोकियो मधल्या. दोन्ही सारखे दिसतात, पण बारकाव्यांत फरक आहे. पद्धतीला ‘टोकियो’चं नाव मिळालं कारण अभ्यास सुरू झाला तेव्हा टोकियो राजधानी होती. नावावरून उगम ठरवणं हा या वादातला नेहमीचा घोटाळा आहे.

ही सीमा नदीवरच का पडली, याचं उत्तर जुन्या रस्त्यात सापडतं. एदो काळातला तोकाइदो हा हमरस्ता एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योटोपर्यंत बहुतेक जमिनीवरून जाई. पण नागोयाजवळच्या मिया आणि पलीकडच्या कुवाना या दोन मुक्कामांमध्ये रस्ता नव्हता. तिथं प्रवासी होडीत बसत आणि सात री, म्हणजे सुमारे 27 किलोमीटर, खाडीतून जात. नद्यांच्या मुखाशी पूर आणि दलदल असल्यामुळे मोटाररस्त्याचे मोठे पूल तिथं 1930 च्या दशकात आले. आज त्या पुलांवरून रोज माणसं कामाला जातात-येतात, शब्द इकडून तिकडे जातात, पण स्वराघात जात नाही. याचं कारण सरळ आहे. शब्द माणूस कोणत्याही वयात उचलतो. स्वराघात मात्र शाळेत जाण्याआधीच आईवडिलांकडून आणि शेजारच्या मुलांकडून बसलेला असतो. प्रभावाबद्दल बोलताना शब्द आणि स्वराघात एकाच मापानं मोजले की हिशेब चुकतो तो इथं.

आता नागोयाच्या स्वरांकडे येऊ, कारण मिश्रणाच्या सिद्धांताची खरी कसोटी तिथं आहे. प्रमाण जपानीत पाच स्वर आहेत. नागोया आणि भोवतालच्या ओवारीच्या पारंपरिक बोलीत आठ आहेत. ‘आइ’ आणि ‘आए’ या जोड्या एकत्र होऊन दीर्घ ‘ॲ’ होतो: ‘उमाइ’ (चविष्ट) याचं ‘उमॅऽ’, ‘आकाइ’ (लाल) याचं ‘आकॅऽ’, ‘ओमाए’ (तू) याचं ‘ओमॅऽ’. ‘ओइ’ची जोडी एकत्र झाली की ओठ ‘ओ’सारखे गोल आणि जीभ ‘ए’च्या जागी, असा एक स्वर तयार होतो, ‘कुरोइ’ (काळं) या शब्दात तो ऐकू येतो. ‘उइ’ची जोडी एकत्र झाली की ओठ ‘ऊ’सारखे आणि जीभ ‘ई’च्या जागी जाते; ‘सामुइ’ (थंड) या शब्दात हा उच्चार होतो. हे आलं कुठून? पूर्वेला साकाई नदी ओलांडली की मिकावा प्रांत लागतो. तिथल्या पारंपरिक बोलीत ‘आइ’ जसाच्या तसा राहतो. पश्चिमेला कुवाना-इसेकडे गेलं तरी तसाच राहतो. जुन्या एदोच्या सामान्य लोकांत ‘आइ’चं ‘एऽ’ होई, ‘ॲऽ’ नाही. ओकायामात ‘ॲऽ’ होतो, पण मध्ये सगळं क्योटो-ओसाका पडलेलं आहे. हमरस्त्यावरचे दोन्ही बाजूंचे शेजारी ज्या वळणापासून दूर राहिले, ते वळण नागोयानं त्यांच्याकडून कसं घेतलं असेल? दोन स्वर एकमेकांना चिकटले की ते एकत्र होऊन तिसरा स्वर घडणं, ही जगभरच्या भाषांत आपापली होणारी घटना आहे. ओवारीत ती घडली आणि उत्तरेकडच्या मिनोत, म्हणजे आजच्या गिफूच्या दक्षिण भागात पसरली. ‘ओइ’ आणि ‘उइ’ या जोड्यांवरही तोच नियम चालला, हे विशेष महत्त्वाचं आहे. सरमिसळीत असा नियमितपणा सापडत नाही. एका बोलीच्या आतल्या व्यवस्थेनं केलेला हा बदल आहे.

याच स्वरांची बाहेर सगळ्यात जास्त टिंगल झाली, आणि त्या टिंगलीमागे लिपीची अडचण आहे. जपानी काना लिपीत ‘ॲ’ला चिन्ह नाही. त्यामुळे ‘उमॅऽ’ लिहिताना ‘उम्याऽ’ असं लिहिलं जातं, बाहेरचा वाचक तसंच वाचतो आणि नागोयाची माणसं मांजरासारखी बोलतात असा ग्रह पक्का होतो. देवनागरीत मराठीनं ‘ॲ’साठी खूण तयार केलेली असल्यानं आपल्याला हा स्वर बरोबर लिहिता येतो, उरलेल्या दोन स्वरांना मात्र आपल्याकडेही अक्षर नाही. लिपीनं चुकीचं दाखवलेला उच्चार टीव्हीवर पोचला, टीव्हीवरून तो देशभर ‘नागोयाचा उच्चार’ झाला, आणि पुढे नागोयाच्याच तरुणांना आपल्या आजीआजोबांचा खरा उच्चार आणि नकलेतला उच्चार वेगळा करता येईना. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी एवढं पाहावं, की तीन जादा स्वरांपैकी ‘ओइ’ आणि ‘उइ’ यांचे स्वर तरुण पिढीत आधी नाहीसे झाले, आणि जाहीर वादात त्याचा उल्लेखही क्वचित होतो.

मिश्रणवाद्यांचा दुसरा मोठा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि तो टाळता येत नाही. नागोयात कित्येक रूपं क्योटोहून आलेली आहेतच, असं ते म्हणतात. हो, आहेत. मूर्ख माणसाला नागोयात ‘तावाके’ म्हणतात. हा शब्द एके काळी राजधानीत चालत होता. ‘बाहेर काढलं’ याला प्रमाण भाषेत ‘दाशिता’, नागोयाच्या जुन्या बोलीत ‘दाइता’. असा बदल मध्ययुगीन क्योटोत सर्रास होता. ‘गेलो नाही’ याला जुनी माणसं ‘इकानांदा’ म्हणत. हे ‘नांदा’ मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) क्योटोच्या भाषेत सापडतं. पण आज ओसाकात किंवा क्योटोत कानावर काय येतं? ‘तावाके’च्या जागी ‘आहो’, ‘दाइता’च्या जागी ‘दाशिता’, ‘नांदा’च्या जागी ‘हेन्कात्ता’. राजधानीनं ही रूपं टाकून दिली आणि नागोयानं ती सांभाळली. पाच-सहा शतकांपूर्वी जे आलं त्याला आजच्या कान्साई, म्हणजे ओसाका-क्योटोच्या, बोलीचा प्रभाव म्हणायचं, तर मग टोकियोच्या भाषेतलाही किती भाग त्याच खात्यावर लिहावा लागेल? जुन्या राजधानीचं देणं सगळ्या जपानी बोलींत आहे. ते नागोयाच्याच नावावर कर्ज म्हणून दाखवणं अन्यायाचं आहे.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी 1927 मध्ये गोगलगायीच्या नावांवर लिहिताना हीच गोष्ट देशाच्या पातळीवर मांडली होती. क्योटोच्या भोवती ‘देदेमुशी’, त्याबाहेर ‘माइमाइ’, त्याहून लांब ‘कातात्सुमुरी’, मग ‘त्सुबुरी’, आणि देशाच्या दोन्ही टोकांना ‘नामेकुजी’. राजधानीत नवा शब्द निघाला की जुना बाहेर ढकलला जातो, म्हणून टोकांना सगळ्यात जुनं सापडतं. 1990 मध्ये ओसाकाच्या एका टीव्ही कार्यक्रमानं ‘आहो’ आणि ‘बाका’ (दोन्हींचा अर्थ मूर्ख) यांची सीमा शोधायला निघून हाच नकाशा पुन्हा काढला. टोकियोहून पश्चिमेकडे येताना ‘बाका’ संपल्यावर ‘आहो’ येईल अशी अपेक्षा होती. मध्येच नागोयाचा ‘तावाके’ निघाला, आणि ‘आहो’ सुरू झालं ते पुढे गिफूतल्या सेकिगाहाराच्या आसपास. मग देशभरच्या नगरपालिका आणि गावांच्या शिक्षण मंडळांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या आणि वर्तुळांवर वर्तुळं उभी राहिली. यानागितांचा सिद्धांत प्रत्येक शब्दाला लागू पडत नाही, व्याकरणाला तर फारच कमी, हे खरं. पण मधल्या प्रदेशात दोन्ही शेजाऱ्यांहून वेगळं तिसरं काही असू शकतं, ही साधी शक्यता मिश्रणाचा सिद्धांत विचारातच घेत नाही, आणि ‘तावाके’चा पट्टा त्याचा उघड पुरावा आहे.

पूर्व की पश्चिम, हा प्रश्न मुळात कुठून आला तेही पाहायला हवं. जपानी सरकारनं 1902 मध्ये राष्ट्रभाषा चौकशी समिती नेमली. बोलींची पाहणी करून त्यातून प्रमाण भाषा निवडणं हे तिच्या घोषित कामांपैकी एक होतं. तिच्या पाहणीनंतर 1906 मध्ये आलेल्या अहवालात देशाचे दोन भाग करणारी रेषा सांगितली गेली: एच्चू, हिदा, मिनो आणि मिकावा या प्रांतांच्या पूर्व सीमेवरून ती जाते. या हिशेबानं नागोया पश्चिमेत पडतं. पण अहवालाचं मूळ वाक्य ‘तात्पुरते दोन भाग करायचे झाले तर’ अशा धर्तीचं होतं. तो ‘तर’ लोक विसरले आणि रेषा लक्षात राहिली. पुढे बोलींचे अभ्यासक मिसाओ तोजो यांनी विभागणी केली तेव्हा गिफू आणि नागोया ज्यात आहे तो आइची विभाग, हा पट्टा पूर्वेत ठेवला; काहींनी तो पश्चिमेत ठेवला; किंदाइचींनी पूर्व-पश्चिमच मोडून वर्तुळं काढली. तिघंही आपापल्या निकषांवर बरोबर होते. ज्या प्रश्नाला निकष बदलला की उत्तर बदलतं, त्याचं एकच उत्तर बोलीच्या माथी मारण्यात काय अर्थ आहे? प्रशासनाला आणि पाठ्यपुस्तकांना कप्पे लागतात, हे मला मान्य आहे. अभ्यासकालाही कुठून तरी सुरुवात करावी लागते. पण कप्पे सोयीसाठी पाडलेले असतात, हे विसरलं की त्यांत न मावणारी बोली सदोष वाटू लागते.

नकाशा नीट पाहिला तर रेषा एक नाहीच. नकार ‘नाइ’ की ‘न’, ‘दा’ की ‘जा-या’, ‘शिरोकु’ की ‘शिरोऽ’ (पांढरं, क्रियापदाआधी येताना), ‘हारात्ता’ की ‘हारोऽता’ (पैसे दिले), आज्ञार्थ ‘मिरो’ की ‘मियो’ (बघ), अशा पाच प्रमुख सीमा मोजतात. जपान समुद्राच्या बाजूला, इतोइगावाजवळच्या ओयाशिराझुच्या कड्यांपाशी, या सगळ्या जवळजवळ एका ठिकाणी येतात, कारण तिथं डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि वाट कायम अवघड होती. दक्षिणेला, पॅसिफिकच्या बाजूला, मैदान आणि हमरस्ता आहे. तिथं त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. नागोया त्या पसरलेल्या भागात आहे. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते असं म्हणतात. ते खरं असलं तरी अपुरं आहे, कारण एक वैशिष्ट्य तिसऱ्या कोसावर बदलतं आणि दुसरं चाळिसाव्यावर. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी असाच पंखा आहे: ‘माकेन’ आणि ‘माखेन’ (करणं) यांची सीमा बेनराथला नदी ओलांडते, ‘इक’ आणि ‘इख’ (मी) यांची तिच्या उत्तरेला उर्डिंगेनला, आणि ‘दात’ आणि ‘दास’ (ते) यांची बरीच दक्षिणेला. कोलोन शहर मध्ये आहे, म्हणून तिथं ‘करणं’ दक्षिणेसारखं आणि ‘ते’ उत्तरेसारखं. तरी कोलोनचा माणूस आपल्या कोल्श बोलीला दोन शेजाऱ्यांचं कडबोळं समजत नाही, आणि अभ्यासकही ती तशी मांडत नाहीत. तोच न्याय नागोयाला का नको?

ही सीमा नवीही नाही. पोर्तुगीज जेझुइट झुआंव रोद्रिगिश यांनी 1604 ते 1608 या काळात नागासाकीत जपानी भाषेचं मोठं व्याकरण छापलं. मिकावापासून पूर्वेला थेट देशाच्या टोकापर्यंत बोलणं रांगडं आणि तीक्ष्ण आहे, अक्षरं गिळली जातात, नकारासाठी ‘नाइ’ वापरतात, असं त्यात नोंदलं आहे. हे व्याकरण ज्या मिशनरी परंपरेतून आलं तिचं केंद्र गोवा होतं. जपानला गेलेलं छापखान्याचं यंत्र वाटेत गोव्यात थांबलं होतं आणि जपानी तरुण मार्टिन्हो हारा याचं लॅटिन भाषण 1588 मध्ये तिथंच छापलं गेलं. त्याच सुमारास गोव्यात असलेले फादर स्टीफन्स पुढे कोकणीचं व्याकरण लिहिणार होते. रोद्रिगिश यांच्या नोंदीवरून दोन गोष्टी दिसतात. पूर्व-पश्चिम भेद टोकियो मोठं शहर होण्याच्या आधीचा आहे. त्याच्याही मागे गेलं तर आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहातल्या पूर्वेच्या गीतांत आज्ञार्थी ‘रो’ आधीच आहे. आणि सीमेचा प्रदेश तेव्हाही हाच होता. एदो या नव्या राजधानीनं नागोयावर जे काही केलं असेल ते या जुन्या घडणीच्या वर केलेलं आहे.

प्रभावाची दिशाही नेहमी मोठ्या शहराकडून लहानाकडे असते असं समजू नये. 1590 मध्ये तोकुगावा इएयासू, ज्यांच्या घराण्यानं पुढे एदोहून जपानवर राज्य केलं, मिकावाचे सरदार-शिपाई घेऊन एदोला गेले. नव्या शहराच्या सत्ताधारी वर्गाची मूळ बोली या भागातली होती. अलीकडचं उदाहरण अधिक स्पष्ट आहे. आज टोकियोचे तरुण ‘आहेच की’ या अर्थानं जो ‘जान’ लावतात तो मध्य जपानचा आहे. मिकावा-बेनची ओळखच ‘जान, दारा, रिन’ या तीन शेपट्यांनी करून देतात. ‘जान’ पूर्वेकडे सरकत कानागावात आला आणि योकोहामामार्गे टोकियोत शिरला. भाषाशास्त्रज्ञ फुमिओ इनोउए यांनी तरुणांत पसरणाऱ्या अशा बिगर-प्रमाण रूपांना ‘नवी बोली’ असं नाव देऊन त्यांचा अभ्यास केला. तेव्हा उद्या कुणी नागोयाच्या ‘जान’वर टोकियोचा प्रभाव आहे म्हणालं, तर त्यानं आधी शेजारच्या मिकावाकडे पाहावं.

यावर एक रास्त आक्षेप उरतो. जुनं काही असो, आजची नागोयाची मुलं शाळेतली प्रमाण भाषा, टोकियोच्या वाहिन्या आणि ओसाकाच्या विनोदवीरांची भाषा यांच्यावर वाढतात. ‘देरा’ (खूप) ऐवजी कान्साईतला ‘मेच्चा’ म्हणतात. मग आज तरी ती मिश्र नाही का? हा दाब खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. ओसाकाच्या बोलीला मिळालेला मान ओसाकाच्या मनोरंजन उद्योगातून आला. नागोयाकडे तसा उद्योग नाही. पण याच काळात नागोयानं स्वतःचंही घडवलं. सायकलीला ‘केत्ता’, दोन तासांमधल्या शाळेच्या सुटीला ‘होका’, मोठ्या चित्रकागदाला ‘बी-शी’ हे शब्द ना टोकियोचे ना ओसाकाचे. ‘होका’ इतर जपानात दिवसाचे तास संपून शाळा सुटण्याला म्हणतात. पुण्यात जपानी शिकून आइचीच्या कारखान्यांत जाणाऱ्या मराठी अभियंत्यांना सहकारी ‘एराइ’ म्हणाला की तो कुणाला तरी थोर म्हणत नसून आपण दमल्याचं सांगतोय, हे तिथं गेल्यावरच कळतं. नवं घेणं आणि नवं घडवणं एकाच वेळी चालू असतं. ते कुठल्याही जिवंत बोलीचं लक्षण आहे, आणि टोकियोच्या भाषेलाही ते तितकंच लागू आहे.

मग एवढा आग्रह कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण ‘मिश्रण’ म्हटल्यावर नोंद करण्याची निकड संपते. दोन्ही घटक दुसरीकडे सुरक्षित आहेत, तर मधली नक्कल जपायची कशाला? हा विचार मराठी वाचकाला अनोळखी नाही. खानदेशातल्या अहिराणीला गुजराती-मराठी-राजस्थानीची खिचडी म्हणून निकालात काढणारे लोक आजही भेटतात. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणानं 1907 मध्ये खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या खंडात ठेवलं, आणि तेव्हापासून ती कुणाची यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी तिच्या स्वतःच्या व्याकरणावर झाली नाही. नागोयाचं तेच होत आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेनं 1957 ते 1965 या काळात 2,400 ठिकाणी जाऊन बोलींचा नकाशासंग्रह तयार केला. माहिती दिली ती 1903 च्या आधी जन्मलेल्या पुरुषांनी. त्यानंतर 1979 ते 1982 मध्ये 807 ठिकाणी व्याकरणाची पाहणी झाली. हे काम अमोल आहे, पण त्यात एका ठिकाणी एक-दोन माणसं आणि ठरलेले प्रश्न. जुन्या पुरुषांच्या उत्तरांवरून स्त्रियांचं आणि पुढच्या पिढ्यांचं बोलणं समजत नाही.

हे भरून काढायची पद्धत जपानमध्येच आहे. याच आइचीतल्या ओकाझाकी शहरात आदरार्थी भाषेची पाहणी 1953, 1972 आणि 2008 अशी तीनदा झाली, म्हणून तिथं बदल कोणत्या पिढीत झाला हे सांगता येतं. ग्लोटोग्रामची रीतही जपानी अभ्यासकांनी विकसित केली: एका अक्षावर लोहमार्गावरची स्थानकं ओळीनं, दुसऱ्यावर बोलणाऱ्यांची वयं, आणि प्रत्येक चौकटीत त्या गावच्या त्या वयाच्या माणसाचं रूप. नवं रूप बाहेरून आलं असेल तर ते एका बाजूनं तिरकं सरकताना दिसतं. आतूनच बदललं असेल तर सगळ्या गावांत एकाच वयाच्या रेषेवर आडवा पट्टा उमटतो. प्रभाव आहे की नाही हे ठरवायला याहून चांगलं साधन नाही. नागोयाच्या तीन जादा स्वरांसाठी कुवानापासून ओकाझाकीपर्यंत असं काम व्हायला हवं.

त्यात चुका कुठे होतात हे ठाऊक आहे. बाहेरच्या माणसानं प्रश्न विचारला की उत्तर देणारा नकळत प्रमाण भाषेकडे वळतो. म्हणून ओवारीतच जन्मलेल्या आणि ज्यांचे आईवडीलही तिथलेच आहेत अशा दोन माणसांना आपसात बोलू द्यावं आणि विचारणाऱ्यानं बाजूला बसावं. ‘तुम्ही असं म्हणता का’ असा प्रश्न विचारू नये, कारण लोक तेव्हा आपण काय म्हणतो ते सांगत नाहीत, टीव्हीवर नागोयाचा माणूस काय म्हणतो ते सांगतात. शब्दांची यादी वाचून घेणं अगदी शेवटी ठेवावं. लिहिलेलं पाहिलं की ‘कुरोइ’मधला स्वर परत दोन होतो. नोंद काना लिपीत उतरवून मूळ ध्वनिमुद्रण टाकून देऊ नये, कारण ‘म्याऽ’ लिहिलेल्या अक्षरावरून तिथं ‘ॲ’ होता की ‘या’ हे पुन्हा कळत नाही. विशेषणांच्या तिन्ही जोड्या, म्हणजे ‘आकाइ’, ‘कुरोइ’ आणि ‘सामुइ’ या वर्गातले शब्द, गप्पांत आपोआप यावेत म्हणून हवामान, जेवण आणि कपडे हे विषय पुरतात. आणि स्त्रियांना यात निम्मी जागा हवी. जुन्या पाहणीनं त्यांना विचारलंच नव्हतं, आणि ‘ओइ’-‘उइ’चे स्वर सहज उच्चारणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.